जावयाला दिलेला रेडिओ

सासऱ्यांबरोबर कुठे जायचं म्हटलं की मी टाळायला बघायचो. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या घरी दुखवट्याला जाणं असो, गाडी काढण्याआधी मी सुनंदाला हळूच विचारायचो की त्या घरात जुना रेडिओ आहे का. सुनंदा माझी बायको आणि त्यांची थोरली मुलगी. ती म्हणायची, मला काय ठाऊक. ठाऊक तिलाही असायचं, पण बापाबद्दल नवऱ्यापुढे किती बोलायचं हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

वैजनाथप्पा हे त्यांचं नाव. लातुरात गंजगोलाईजवळ साड्यांचं दुकान. बाजार त्यांना अप्पा म्हणायचा, मी मामा म्हणायचो आणि ते मला जावई म्हणायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी नांदेडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो, याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. उंचापुरा माणूस, पांढराशुभ्र सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. आवाज असा की समोरच्या दुकानात शिरणारं गिऱ्हाईक पायरीवरून मागे फिरायचं. लाज नावाची गोष्ट या माणसाला देवानं दिलेलीच नाही, असं मी फार वर्षं धरून चाललो होतो.

त्यांना नाद होता जुन्या टेबल रेडिओंचा. त्यातही वॉल्व्हचे नाही, ट्रान्झिस्टरचे. जाणकार लोक वॉल्व्हच्या रेडिओमागे धावतात, पण मामा त्यांना हसायचे. ते आधी तापतात आणि मग बोलतात, तसला एक मी घरात आहे तेवढा पुरे, असं ते म्हणायचे. त्यांना खटका दाबला की लगेच बोलणारा सेट लागायचा. लाकडी पेटी, पुढे विणलेली जाळी, खाली हस्तिदंती रंगाच्या बटणांची रांग आणि काचेवर गावांची नावं. एके काळी आमच्या भागात लग्नात नवरदेवाला घड्याळ आणि सायकलीबरोबर हे रेडिओ द्यायचे. नवरदेव म्हातारे झाले, गेले, आणि रेडिओ माळ्यावर राहिले. मामांचा सगळा डोळा त्या माळ्यांवर.

दुकानाच्या वरच्या माडीवर त्यांनी फळ्या ठोकून घेतल्या होत्या. दुपारी बाजार थंडावला की ते वर जायचे, सदरा खुंटीला अडकवायचे, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधायचे आणि सोल्डरची सळई तापत ठेवायचे. कुणाला वाटेल मोठे कारागीर असतील, तर तसं काही नव्हतं. बोटं भाजून घ्यायचे, एक तार जोडताना दुसरी तोडायचे आणि मग त्या तारेला कानडीत शिव्या द्यायचे. दुरुस्त झालेल्या सेटांपैकी काही बोलायचे, काही नुसते घुमायचे. घुमणाऱ्यांनाही ते बोलतोय असंच म्हणायचे. नांदेडला एका जुन्या मेकॅनिककडे सुटे भाग मिळायचे. सणाला सासुरवाडीला येताना इतर जावई पेढे आणतात, मी कंडेन्सर आणायचो.

संध्याकाळी परभणी केंद्र ऐकायचा कार्यक्रम असायचा. आता मीडियम वेव्हवर ऐकण्यासारखं फारसं उरलेलं नाही, आणि जे आहे त्यावर घरातल्या एलईडी दिव्यांची खरखर चढते. म्हणून मामा खटका दाबायच्या आधी घरातले सगळे दिवे बंद करायचे. मामी अंधारात चाचपडत भाकरी भाजायच्या, नातवंडं अंधारात गृहपाठ घेऊन बसायची. एवढं करूनही खरखर राहिली, तर मामा शेजारच्या घरी जाऊन त्यांचा दिवा बंद करा म्हणून सांगायचे. एकदा त्या घरात मुलगी बघायला पाहुणे आले होते. मामांनी तिथंही जाऊन दिवा बंद करायला लावला, आणि वर पाहुण्यांना परभणी ऐकायला बोलावलं. ते आलेही. मी त्या दिवशी सासुरवाडीलाच होतो आणि मागच्या दारानं फिरायला निघून गेलो.

हे सगळं घरातल्या घरात होतं तोवर ठीक होतं. पण माळ्यावरचे रेडिओ खाली कसे यायचे, ते सांगायला हवं.

आमच्याकडे जावई पहिल्यांदा घरी आला की त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. निदान टॉवेल-टोपी आणि नारळ तरी देतात. नातं कितीही लांबचं असो, लेकीचा नवरा हा सगळ्या भावकीचा जावई असतो. मामांनी हे बरोबर हेरलं होतं. कुठल्याही घरात गेलो की आधी ते माझी ओळख करून द्यायचे, प्राध्यापक आहेत, नांदेडला असतात. घरातली बाई लगबगीनं आत जाऊन टॉवेल-टोपी घेऊन यायची. ती बाहेर आली की मामा हात आडवा करायचे. कशाला टॉवेल-टोपी, आमच्या जावयाला जुन्या रेडिओचा लई नाद हाय, तो वरचा पडलाय तो दिला तरी चालंल. माझ्या नावावर त्यांचा नाद खपायचा. गळाला जे लावतात ते मी होतो, आणि जावयाच्या तोंडावर नाही कोण म्हणणार?

लोह्याला त्यांच्या ओळखीचे एक व्यापारी वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. ओसरीत सतरंजीवर माणसं खाली माना घालून बसलेली. मामांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, चार शब्द चांगले बोलले, डोळेही पुसले. आणि पुसता पुसता त्यांची नजर कपाटावर गेली. पुढचं मला पाठ होतं. सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली, की बापाचा दुखवटा चालू असताना रेडिओ मागणारा हा प्राध्यापक कोण. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. रेडिओ मागच्या सीटवर घेऊन आम्ही निघालो तेव्हा मी चिडून काहीतरी बोललो. मामा शांतपणे म्हणाले, "लाजायचं कशाला जावई? आपून काय चोरी करायलाव का?" दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या रेडिओत उंदरानं घर केलं होतं आणि आपण वेळेवर पोचलो म्हणून सेट वाचला, असं ते मला पटवून देत होते.

देगलूरला एका घरातल्या म्हातारीला मराठी नीट कळत नव्हतं, ती तेलुगू बोलायची. मामांनी हातवारे करून जावई म्हणजे हा आणि रेडिओ म्हणजे तो, असं तिला समजावलं. म्हातारी खूप हसली आणि रेडिओ दिला, शिवाय टॉवेल-टोपीही दिली. मला एक मान्य केलं पाहिजे की लोक त्यांच्यावर रागवत नसत. माळ्यावरचं जुनाट काहीतरी गेलं आणि अप्पा खूश झाले, एवढंच त्यांना वाटायचं. लाज वाटायची ती मला एकट्याला. ते सगळे रेडिओ मेलेले असायचे, हे मात्र खरं. आत फुटलेले सेल, झुरळांची अंडी, गंजलेल्या पट्ट्या. मेलेलं उचलून आणतोय, यात कुणाचं काय जातंय, असा मामांचा हिशोब होता.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात उदगीरला एक लग्न होतं. जेवून निघालो तर मामा म्हणाले, देवणीकडून जाऊ, तिकडं आपली एक बहीण हाय. मला ही बहीण नवीन होती. वाटेत थोडंथोडं कळलं. नीलावती हे तिचं नाव, मामांच्या चुलत्याची एकुलती एक मुलगी. मामांपेक्षा मोठी, लहानपणी यांना कडेवर घेऊन फिरवलेली. सख्खा भाऊ नाही. लग्न देवणीच्या पुढच्या एका खेड्यात झालं. मग दुकान वाढलं, जाणंयेणं तुटलं, तिचा नवरा गेला तेव्हाही मामांनी माणूस पाठवला, स्वतः गेले नाहीत. आज अचानक का आठवण झाली, हे मी विचारलं नाही. लग्नात त्यांना त्या गावचा कुणी भेटला होता आणि बोलण्यात रेडिओचा विषय निघाला होता, हे मी बघितलं होतं.

नीलाक्का ओसरीत बसून वाकळ शिवत होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक घालून गावातल्या बायकांना वाकळी शिवून देणं हे तिचं काम. मुलगा हैदराबादला गाडी चालवायचा, ही इथं एकटी. मामा दारात उभे राहिले तेव्हा तिनं सुई तशीच हातात धरून बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग "बा, बा" म्हणत उठली. कानडीत ये, ये. मामांच्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली. मी जावई आहे हे कळल्यावर तर ती आतबाहेर करायला लागली. शेजारच्या घरातून दूध मागवलं, पाट टाकला, सुपारी कातरायला घेतली. दर थोड्या वेळानं म्हणायची, "जावई दाखवाया आनलास, लई बरं केलंस वैजनाथा." मामा हो हो म्हणत होते. त्यांची नजर समोरच्या फळीवर होती. तिथं भरतकामाच्या रुमालाखाली अर्धा झाकलेला एक रेडिओ होता, पेटी अजून चकचकीत असलेला.

चहा झाल्यावर नीलाक्का आत गेली. कपड्यांच्या पेटीचं झाकण वाजलं. मग बराच वेळ कपडे वरखाली केल्याचा आवाज येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा हात रिकामे होते आणि चेहरा उतरला होता. घरात टॉवेल-टोपी नव्हती. एरवी आणून ठेवलेली असते, आजच कशी नाही, असं ती भिंतीकडे बघून म्हणाली. म्हातारीला इतकी लाज वाटलेली बघून मलाच कुठे तोंड लपवावं ते कळेना. मी म्हणालो, काही नको, तुमचा आशीर्वाद पुरे. मामांना मात्र आयती वाट मिळाली होती.

"आक्का, टॉवेल-टोपी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आमच्या जावयाला जुन्या रेडिओचा नाद हाय. तो दिलास तरी चालतंय."

ती फळीकडे वळली. मग रुमाल बाजूला केला, रेडिओ दोन्ही हातांनी उचलून आणला, पदरानं पुसला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि नारळासकट माझ्या हातात दिला. "घ्या बापू," म्हणाली. मी मामांकडे बघितलं, की आता तरी ते नको म्हणतील. मामा रेडिओकडे बघत होते.

लातूर येईपर्यंत ते बोलत होते. असला सेट त्यांच्याकडे नव्हताच, पेटीला ओरखडा नाही, जाळी फाटलेली नाही, बटणं सगळी जागेवर. घरी आल्यावर हातपाय न धुता माडीवर गेले आणि मलाही वर बोलावलं. नव्या सेटचं मागचं झाकण उघडताना ते कुणाला तरी समोर बसवायचे. स्क्रू काढताना अंदाज सांगत होते, सेल फुटले असतील, दोरा तुटला असेल, स्पीकरचा कागद उंदरानं खाल्ला असेल. झाकण निघालं आणि त्यांनी चष्मा पुसून पुन्हा आत बघितलं. आत धुळीचा कण नव्हता. सेल नवे होते. काटा फिरवणारा डायलचा दोरा एका जागी तुटलेला असावा, तिथं वाकळीच्या लाल दोऱ्यानं बारीक गाठ मारलेली होती. मामांनी सवयीनं खटका दाबला आणि रेडिओ बोलायला लागला. मोठ्यानं, स्वच्छ, कुणीतरी बाई शेतीच्या बाजारभावांबद्दल बोलत होती. ज्या आवाजासाठी ते घरादाराला अंधारात बसवायचे, तो आवाज त्यांनी लगेच बंद केला.

मामी चहा घेऊन वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, चालू आहे म्हणजे चांगलंच की, तेवढी मेहनत वाचली.

"चालू हाय," मामा म्हणाले. "म्हनजे ती ऐकत होती."

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, तुमी काय बोललाव न्हाई कसं तिथं? मी काय बोलणार होतो, जावयानं मागितलं असं त्यांनीच सांगितल्यावर. पण त्यांना माझं उत्तर नको होतं. मी सुचवलं की मला दिलेला आहे, मी स्वतः जाऊन परत देऊन येतो. त्यावर त्यांनी मान हलवली. जावयानं आहेर परत आणून दिला, तर तिला काय वाटेल? आपलं दिलेलं जावयाला कमी पडलं, नाहीतर कीव आली, यातलंच काहीतरी. टॉवेल-टोपी नव्हती म्हणून जी बाई भिंतीकडे तोंड करून बोलली, तिच्या दारात जाऊन तिचा आहेर परत कसा करायचा? इतकी वर्षं जी रीत त्यांच्या कामी आली, तिनंच आता त्यांना धरून ठेवलं होतं.

माणूस बदलतो म्हणजे काय होतं ते मी त्यानंतर बघितलं. मामांना लाज वाटायला लागली होती, आणि पहिल्यांदाच वाटत असल्यामुळे तिचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. दुकानात साडी उलगडताना मध्येच भाव विसरायचे. माडीवर जायचे पण सोल्डर लावायचे नाहीत. कुणी रेडिओ बघायला आलं तर उगाच गोळा करून ठेवलंय, म्हणून त्याला खालूनच वाटेला लावायचे. मग एके दिवशी त्यांनी लोह्याला फोन लावला आणि त्या मुलाला म्हणाले, तुझ्या वडिलांचा रेडिओ दुरुस्त झालाय, आणून देतो. मुलगा हसला. इथं जागा कुठं आहे अप्पा, तुमच्याकडंच ठेवा, म्हणाला. आणखी दोन-तीन घरी विचारलं, तिथंही तेच. मामांना हे अपमानासारखं लागलं. रागवलेला, रडलेला एखादा तरी माणूस त्यांना हवा होता, आणि लोक आपले ठेवा की, ठेवा की म्हणत होते.

आषाढात आम्ही देवणीकडे पुन्हा गेलो. मामांनी दुकानातली एक इरकल साडी घेतली होती, आणि डिकीत रेडिओ. बेत असा की भाऊ म्हणून साडी द्यायची, मग सहज म्हणायचं की जावयाच्या घरी ठेवायला जागा नाही, तुझ्याकडंच असू दे. वाटेत त्यांनी हे वाक्य माझ्यापुढे तीन-चार वेळा म्हणून बघितलं. हजारो साड्या विकलेला माणूस एका वाक्याला अडखळत होता.

आम्ही ओसरीत बसलो न बसलो तोच नीलाक्का आत गेली आणि टॉवेल-टोपी घेऊन आली. कोरा टॉवेल, कडक पांढरी टोपी. त्या दिवशी घरात नव्हती, दुसऱ्याच बाजाराला आणून ठेवली, म्हणाली. माझ्या डोक्यावर टोपी ठेवताना तिचा चेहरा मोकळा झाला होता. तिच्या मनातली खंत फिटली होती. मामांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. आता रेडिओ परत करणं म्हणजे तिला पुन्हा त्या कपड्यांच्या पेटीपुढे नेऊन उभं करणं होतं.

समोरच्या फळीवर भरतकामाचा रुमाल नुसताच अंथरलेला होता आणि त्यावर काही ठेवलेलं नव्हतं. मामांनी दुसरीकडे बघत विचारलं, करमतंय का. हाताला काम आहे, न करमायला काय झालं, असं नीलाक्का म्हणाली. तेवढ्यात शेजारची बाई दाराशी आली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आता दुपारी आक्का वाकळ घेऊन आमच्याच दारात येती, आधी आम्हीच हिच्याकडं येऊन बसायचो, गानी ऐकत. नीलाक्कानं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मामा उठले. डिकी उघडलीच नाही.

परतताना उदगीर मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "तिला वाटतंय मी तिला जावई दाखवाया गेलतो." एवढंच.

दिवाळी आली. कापडवाल्यांची दिवाळी म्हणजे वर्षभराचा धंदा. मामा भाऊबीजेलाही कधी बहिणींकडे गेले नव्हते, दुकानामुळे त्यांच्या सख्ख्या बहिणीच लातूरला येऊन त्यांना ओवाळायच्या. त्या वर्षी भाऊबीजेच्या दुपारी बहिणींनी ओवाळल्यावर ते दुकानाच्या किल्ल्या मुलाकडे देऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले. जरा गाडी काढा, म्हणाले. इतक्या वर्षांत मला असं विनंती केल्यासारखं ते पहिल्यांदा बोलले. सुनंदा आत गेली आणि बापाचा इस्त्रीचा सदरा आणून दिला. कुठं जायचं, हे घरात कुणी विचारलं नाही.

रेडिओ त्यांनी या वेळी मांडीवर घेतला होता. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गावात घरोघरी पाहुणे, दारात रांगोळ्या. नीलाक्काच्या दारात रांगोळी नव्हती. ती नेहमीसारखी वाकळ घेऊन बसली होती. आम्हाला बघून तिला काही सुचेना. आज कसं काय, म्हणाली. मामा म्हणाले, "ओवाळून घ्याया आलो आक्का."

ती उठली. आत जाऊन लुगडं बदलून आली. पाट मांडला, भोवती बोटांनी थोडी रांगोळी ओढली, तबकात निरांजन लावलं. मामा पाटावर बसले. मांडी घालताना त्यांना गुडघ्याचा त्रास झाला, मी पुढे झालो तर हातानंच थांबवलं. रेडिओ त्यांनी शेजारी जमिनीवर ठेवला होता. नीलाक्का त्यांच्यासमोर बसली, बोट कुंकवात बुडवलं, आणि मामा म्हणाले, थांब. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्यादेखत ते बोलले.

"आक्का, मी उन्हाळ्यात तुला भेटाया न्हवतो आलो. जावई दाखवाया बी न्हाई. जावयाला कसला नाद हाय? नाद माजा हाय. ह्या रेडिओसाठी आलतो मी."

मला वाटलं ती रडेल, किंवा उठून जाईल. ती तशीच बसून राहिली, कुंकवाचं बोट वर धरून.

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "बसल्यापास्नं फळीकडंच बघत होतास."

"मग दिलास कशाला?"

"तू मागितलास म्हनून." तिनं निरांजनाची वात नीट केली. "मला भाऊ न्हाई. दर भाऊबीजंला मी चंद्राला ओवाळते, तुला ठाऊक हाय का? सगळं करते, अक्षता लावते, ओवाळते. चंद्र कदी काय मागत न्हाई बाबा. दारात येऊन मागनारा एक तूच आलास."

मामांची मान खाली गेली. मी त्यांना गल्ल्यावर बघितलं होतं, बैठकीत बघितलं होतं, लोकांच्या घरात हक्कानं मागताना बघितलं होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं. हनुवटी छातीला टेकली होती आणि मोठाले हात मांडीवर उताणे पडले होते. तसंच बसल्या बसल्या त्यांनी रेडिओ तिच्याकडे सरकवला आणि ही ओवाळणी आहे, भावाची ओवाळणी परत करता येत नाही, असं काहीतरी पुटपुटले.

त्यानंतरची दिवाळी त्यांना दिसली नाही. माघात ते दुकानातच गेले, गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवता दाखवता. लोकांच्या डोळ्यांपुढे तेच अप्पा आहेत, गल्ल्यावरचे. मला आठवतात ते त्या पाटावरचे. समोर नीलाक्का, हातात तबक, बोटाला कुंकू, आणि तिला कपाळ सापडत नव्हतं.

"ओवाळनी ओवाळल्यावर टाकतेत," ती म्हणाली. "आदी मान वर कर."

मामांनी मान वर करायला फार वेळ लावला.